चौकट

वेंगुर्ल्याच्या कामगार कार्यालयात मी एकतीस वर्षं शिपाई.
झाडू, टपाल, चहा,
आणि वर्षा-दोन वर्षांनी एक जास्तीचं काम:
दिल्लीत मंत्री बदलला
की साहेबांच्या खुर्चीमागचा फोटो बदलायचा.

फोटो यायचा सरकारी पाकिटात, गुंडाळी होऊन.
चौकट मात्र तीच, सागवानी,
डावा कोपरा वाळवीने चाखलेला.
नव्या चौकटीला मंजुरी नाही, तेंडोलकर हेडक्लार्क म्हणाले,
आणि जुना मंत्री कुठे ठेवायचा
याचं परिपत्रक नाही.
मग मी नव्याला जुन्याच्या पुढ्यात सरकवी,
मागून पुठ्ठा, चार चुका.
माझ्या आधीचा केळुसकर शिपाईही तेच करून गेलेला.
चौकट फुगत गेली.

माझी बायको द्वारका, खालच्या रस्त्याला, काजूच्या कारखान्यात.
पैसे किलोवर.
पायाने दाबायचं पातं, बी फुटते, सुईने गर.
टरफलाचं तेल हाताला चढू नये म्हणून राख.
चढायचंच.

एक वर्षी योजना आली, कार्ड आलं, अंगठ्याचं यंत्र आलं.
चाळीस बायका रांगेत, यंत्राने ओळखल्या अकरा.
द्वारकेचा उजवा ठेवला, डावा ठेवला, पुसून ठेवला,
लिंबू चोळून ठेवला.
लाल दिवा.
"खंय गेलो रे माझो आंगठो?" ती मला म्हणाली,
जसं काही मीच टपालात कुठे पाठवून दिला.
फॉर्मवर कारणाचा रकाना होता.
तेंडोलकर पेन धरून बसले बराच वेळ,
मग लिहिलं: काम.
वरून फॉर्म परत आला. कारण अपुरं.

पुढच्या वादळात कौलं गेली, चौकट पडली, काच फुटली,
आणि बावीस केंद्रीय श्रममंत्री
ओल्या फरशीवर पसरले.
कारखान्यात लाईट नव्हती म्हणून द्वारका डबा घेऊन आली होती,
तीही बसली माझ्याबरोबर, एकेक सोडवत.

तळाचा इतका पिवळा की नुसता चष्मा उरलेला.
एकाची टोपी, एकाचा टाय.
एक सव्वीस दिवसांचा, मला आठवत होता,
त्याचं पाकीट पोचलं तोवर तो गेलेला.
एकाकडे तीन खाती होती, श्रम त्यातलं तिसरं.
दोघे म्हणे स्वतः गिरणीत उभे राहिलेले.
यातल्याच कुणाच्या काळात दिवसाचे तास ठरले,
कुणाच्या काळात फंड कापायला लागले,
कुणाच्या काळात बाळंतिणीची रजा भरपगारी झाली.
आमच्या अविनाशच्या वेळी
तोच कायदा मालकाच्या टेबलावर ठेवून द्वारकेने बारा आठवडे मिळवले होते.
तो यातला कुठला?
मागे नावं होती, शाई पसरलेली.
तिने आपल्या अंदाजाने एक निवडला, खारीक-तोंडाचा,
"हेका जरा जास्त उनात ठेव."

मग बराच वेळ काही बोलली नाही.
फोटो पालथे करी, सुलटे करी.
"ह्येंका हात नाय?"

मी पाहिलं.
खरंच, सगळे छातीपर्यंत.
कोट, जाकीट, गुलाबाचं फूल,
आणि तिथेच फोटो संपलेला.
बावीस जण, आणि एकाचंही बोट दिसेना.

मी हसलो. ती नाही हसली.
पदराने पुसत राहिली, शेवटचा, चालू मंत्री,
आणि त्याच्या पांढऱ्या कॉलरवर
तिच्या अंगठ्याचं काळं उमटलं.
रेषा नव्हत्या त्यात. नुसता गोल.

दुपारी मी सगळे परत भरले, क्रमाने, जमेल तसे.
काचेला मंजुरी अजून यायची आहे.
साहेब खुर्ची मागे सारून बघत राहिले,
हा कसला डाग?
मी म्हटलं, काजूचा, साहेब.
निघत नाही.